सॉरीचं मूळ

९ नोव्हेंबर, शिरूर
वरवंडला भाची प्रगतीचा साखरपुडा. नवरदेव शंभू, म्हणे इंजिनिअर. अर्धा तास उशिरा आला आणि माईकवर 'सॉरी फॉर द लेट' म्हणाला! एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस गप्प बसेल? माईक घेतला, दोनशे पाहुण्यांसमोर पोराला दुरुस्त केलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. ज्ञान पचत नाही लोकांना.

११ नोव्हेंबर
बहीण चांगुणाचा फोन. म्हणे, दादा, शंभूला नुसतं सॉरी म्हणा, न्हाईतर लग्नात पोरीच्या मागं मामा म्हणून तुम्हाला उभं करता यायचं न्हाई. म्हटलं, आधी शब्दाचा अभ्यास करतो. घाई अडाण्यांना असते.

१४ नोव्हेंबर, पहाटे ५
सापडलं! सॉरी जुन्या इंग्रजीतला. मूळ अर्थ वेदनेनं भरलेला. 'सोअर', म्हणजे दुखरा, याच कुळातला. आता मला वेदना? शून्य. मग सॉरी म्हणणं चक्क खोटं बोलणं! चांगुणाला फोनवर सगळं समजावलं. तिनं मध्येच फोन ठेवला. रेंज नसेल.

१९ नोव्हेंबर
एसटीत धक्का लागला, सॉरी. शिंक आली, सॉरी. ऐकू आलं नाही, तरी सॉरी! पार वाट लावली शब्दाची. यावर दहा पानी निबंध लिहून लग्नात शंभूला भेट देणार. याहून मोठी माफी कुठली? सुषमा म्हणाली, एका शब्दाचं काम, दहा पानं कशाला? बायकोचं शिक्षण सातवी. सोडून दिलं.

२६ नोव्हेंबर
पानं झाली दीड. मामा म्हणून म्हस्कूला सांगितलंय म्हणे. म्हस्कू! माझा चुलतभाऊ, जेसीबी चालवतो, इंग्रजीत सही येत नाही. नुसती धमकी आहे. सख्खा मामा असताना चुलत मामाला कोण विचारतंय? सफारी इस्त्रीला टाकली.

३० नोव्हेंबर, दुपारी ४, वरवंड
मंगलाष्टकांना प्रगतीच्या मागं म्हस्कूच. फेटा बांधलेला, घामाघूम, डोळे पुसत होता. प्रगतीनं एकदा वळून गर्दीत पाहिलं. मलाच शोधत असावी. छातीत काहीतरी दुखलं. दीड पान खिशातच ठेवलं आणि स्टेजवर गेलो. शंभूचा हात धरला. तोंड उघडलं, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, सॉरी काका, जरा बाजूला व्हा, नवरीच्या मामांचा फोटो घ्यायचाय.

बाजूला झालो. त्यानं शब्द बरोबर वापरला होता.