शिवणारी बाई

नववा महिना, तीन

सोहेई शेटनं आज पुन्हा तेच केलं! नाटकगृहाशेजारच्या चहाघरात, दहा-बारा माणसांसमोर. "काय हिना, बायको कशी आहे?"

आणि मी लाजलो. गाल, कान, मान, सगळं लाल. तोंडापुढे बाही. माणसं खूश.

"बघा, बघा!" शेट ओरडला. "नवऱ्याचं विचारलं असतं तर इतकी लाजली नसती!" शेटचा दारूचा मोठा धंदा. नाटकात पहिल्या ओळीतली जागा वर्षभर त्याचीच, त्यामुळे त्याच्या विनोदाला हसावंच लागतं.

गुरुजींनी मला बाराव्या वर्षी पढवलं होतं. बाईच्या भूमिका करायच्या तर रंगमंचावरच नाही, जेवतानाही बाई, शिंकतानाही बाई. कुणी बायकोचं विचारलं तर लाजायचं. खरं लाजायचं, खोटं चालत नाही. ज्याला ते जमत नाही त्यानं दाढ्या लावून सेनापती व्हावं.

मला जमतं. बावीस वर्षं जमतंय.

घरी येऊन ओनुईला सांगितलं. अंथरुणात पडल्या पडल्याच हसली, खोकला येईपर्यंत. "मग सांगायचं ना, ताप आहे म्हणून!"

नववा महिना, पाच

ताप उतरत नाही. तरी सुई हातात. अकराव्या महिन्याच्या नव्या खेळाचा किमोनो शिवतेय. मी म्हटलं, ठेव. म्हणाली, "शिवणाऱ्या बाईनं शिवू नये तर काय करावं?"

टोमणा होता की गंमत, कळलं नाही. अकरा वर्षं ती या घरात आहे आणि लोकांसाठी ती आमची शिवणारी बाई. पाहुणे आले की मी पुढच्या खोलीत, ती मागच्या. चहा आणते, वाकते, जाते. एकदा एका पाहुण्यानं तिच्यासमोरच मला विचारलं, "ही तुमची बाई बरी मिळाली हो. कुठून आणली?" मी म्हटलं, "फुशिमीहून." ती आत गेली आणि उशीत तोंड खुपसून हसत बसली.

नववा महिना, सहा

तीन तारखेचं लिहिताना एका ठिकाणी 'लाजले' लिहिलं होतं. आज दिसलं. खोडून 'लाजलो' केलं.

ही वही ओनुईनंच शिवून दिली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. अट एकच. "कागदावर तरी 'आलो-गेलो' लिहायचं. दिवसभर 'आले-गेले' करतोस, एक दिवस विसरशील. मग मी कुणाची बायको?"

नववा महिना, नऊ

शेवंतीचा सण. ओनुईनं शेवंतीच्या पाकळ्या घातलेल्या दारूचे दोन घोट घेतले. तिचा भाऊ गेन्पाची फुशिमीहून तोफू घेऊन आला, स्वतः बनवलेला. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला बघितलं की त्याच्या तोंडाची चव जाते. "काय बाईसाहेब, बरं आहे ना?"

मी म्हटलं, "बरी आहे." सवय!

नववा महिना, तेरा

ओनुई गेली. सकाळी. मी केस विंचरत होतो.

नववा महिना, चौदा

मठात नेलं. म्हातारे भिक्षू मयतांची वही घेऊन बसले. दौत, कुंचला. "नाव?" ओनुई. "वय?" एकतीस. "कोण तुमची?"

तिघे-चौघे उभे होते. मठातली दोन माणसं, नाटकातला एक ढोलकीवाला. मी तोंड उघडलं आणि तोच आवाज आला. बारीक, गोड, शेवट किंचित खाली उतरवलेला. "आमच्याकडे शिवायची."

त्यांनी लिहिलं. कुंचला थांबलाही नाही.

गेन्पाची शेजारीच होता. परतताना पुलावर म्हणाला, "बाईसाहेब, तुमची जीभ कापून कुत्र्याला घातली ना, तर कुत्रंही हुंगून पुढं जाईल."

मी मान खाली घातली. छान घातली असणार. समोरून येणारी एक बाई माझ्याकडे बघत राहिली.

नववा महिना, सोळा

खेळ. गर्दी बरी.

नववा महिना, सतरा

खेळ. दोरा तोडायच्या जागी दाद मिळाली. दातांत दोरा धरायचा, डोळे मिटायचे, मान डावीकडे आणि कट! गेल्या वर्षीच्या नटांच्या गुणदोषांच्या पुस्तिकेत या एका जागेवर सात ओळी होत्या. 'अशी नजर जन्मजात बाईलाच लाभते,' वगैरे.

ओनुई अशीच तोडायची. मी तिच्यावरून घेतलं. तिला पुस्तिका वाचून दाखवली तेव्हा म्हणाली, "चोर!"

आज तिची आठवण झाली का? नाही. आज काहीच झालं नाही. दोरा तुटला.

नववा महिना, तेवीस

भात. लोणचं. मागच्या खोलीत गेलो नाही.

नववा महिना, सत्तावीस

गेन्पाची आला. तोफूची पाटी दारात ठेवली, आत आला नाही. "अक्काला आवडायचा म्हणून आणायचो. आता सवयीनं आणलाय."

मी म्हटलं, आत ये. म्हणाला, "कोण म्हणून येऊ? शिवणाऱ्या बाईचा भाऊ म्हणून?"

तोफू खाल्ला. कसा लागला ते आठवत नाही.

दहावा महिना, दोन

रडू येत नाही. हे लिहून ठेवतो, कारण विचित्र आहे. रंगमंचावर रोज रडतो. बाहीची कड डोळ्याला लावायची, खांदे दोनदा हलवायचे, तिसऱ्यांदा अर्धेच. पुढच्या ओळीतल्या बायका हुंदके देतात. घरी बाही डोळ्याला लावून बघितली. खांदे हलवले. तिसऱ्यांदा अर्धेच.

काही नाही. नुसतीच बाही.

दहावा महिना, आठ

सोहेई शेट चहाघरात. त्याला काहीच ठाऊक नाही. बरोबर नवे पाहुणे, त्यांना गंमत दाखवायची होती. "हिना! बायको कशी आहे?"

मी लाजलो.

ती गेल्याला पंचवीस दिवस झालेत. मी आतून थंड होतो. पण चेहऱ्यानं आपलं काम केलं. गाल लाल, कान लाल, बाही वर. मला विचारलंसुद्धा नाही! पाहुणे टाळ्या वाजवत होते. शेट म्हणाला, "सांगितलं होतं ना?"

बाहेर येऊन नदीकाठी ओकलो. मग परत गेलो, अजून दोन पाहुणे भेटायचे होते.

दहावा महिना, पंधरा

मठातून निरोप आला म्हणून गेलो. माणूस गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी त्याच्या नावाची साधी लाकडी पाटी काढून लाखेची ठेवायची. तिच्यावर ओनुईचं नाव, आणि कोणाची कोण ते. "लाखवाल्याला दहा दिवस लागतात," भिक्षू म्हणाले. "काय कोरायचं? वहीत 'शिवणारी' आहे. तेच घालू?"

एकोणपन्नासावा दिवस मोजला. अकराव्या महिन्याची एक तारीख. नाटकाचं नवं वर्ष सुरू होतं आणि नवी मंडळी प्रेक्षकांना पहिल्यांदा चेहरे दाखवते तोच दिवस. पहाटेपासून खेळ. सगळं क्योतो तिथं असतं.

शेजारी छत्र्या बनवणाऱ्याची विधवा बसली होती. नवऱ्याच्या पाटीवर स्वतःचं नाव कोरून घेत होती. त्याच्या नावात सोनं, तिच्या नावात लाल रंग. जिवंत आहे म्हणून लाल. मेली की तोही सोन्याचा. भिक्षूंना तिनं विचारलं, "लाल उडत नाही ना? मला वेळ लागला तर?"

मी कितीतरी वेळ त्या लाल अक्षरांकडे बघत बसलो. का, ते कळलं नाही.

दहावा महिना, सतरा

नाटकगृहाच्या मालकांनी बोलावलं. क्यूझाएमोन मालक सरळ माणूस, फिरवून बोलत नाही. "ऐकलं मी. वाईट झालं. पण पाटीवर काय घालणारेस?"

मी बाहीची घडी सारखी केली.

"हे बघ हिना. तुला बायको आहे हे अर्ध्या गावाला ठाऊक आहे. सोहेई शेटला नसेल, तो बोलतो जास्त आणि बघतो कमी. बाकीच्यांना ठाऊक आहे आणि ते डोळेझाक करतात. त्यात त्यांना मजा येते. ठाऊक असणं वेगळं. कोरलेलं असणं वेगळं! 'हिनानोजोची बायको' असं कुणी मठात वाचलं, की उद्यापासून तू रंगमंचावर आलीस तरी त्यांना दिसणार कोण? कुणाचा तरी नवरा. चौतिसावं चाललंय तुला. त्या नव्या पोराला लोक आत्ताच तुझ्या जागी बघायला लागलेत. मी तुला सेनापतीचा मुकुट घालू का? तुझा खांदा तरी आहे का मुकुटाखाली उभं राहायला?"

म्हटलं, "नाही."

"मग? शिवणारी घाल. चांगली शिवायची. खोटं काय त्यात?"

दहावा महिना, अठरा

खरंच चांगली शिवायची. खोटं काय त्यात.

दहावा महिना, एकोणीस

मागच्या खोलीत गेलो. नवा किमोनो घडी घालून ठेवलेला. पूर्ण आहे. गळ्याजवळचा कच्चा दोरा तेवढा तसाच. तो शेवटी ती स्वतः तोडायची. मी अंगावर घेतल्यावर, जवळ येऊन, दातांनी. म्हणायची, "हलू नको. गळा कापीन."

अर्धा तास बसलो. दोरा तोडला नाही.

दहावा महिना, वीस

लाखवाल्याकडे गेलो. चिठ्ठी दिली, दोन ओळींची. त्यानं पहिली वाचली. दुसरी वाचली. परत वाचली. "हे असंच?"

"असंच."

"हे मठाला विचारलंय?"

"मठात मी बोलते."

त्याची बायको पडद्याआडून बघत होती. ती दर महिन्याला नाटकाला येते. परवापर्यंत गावभर होणार.

होऊ दे. भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

दहावा महिना, चोवीस

झालं. मालक आले, आवाज चढला. "काय लिहून दिलंस? तुझं डोकं ठिकाणावर आहे?" नवा पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता. मालक त्याच्यावरच खेकसले, मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "सोहेई शेटच्या कानावर गेलंय. पहिल्या दिवशी तो समोर बसणार आणि भर खेळात विचारणार. तू त्याला ओळखतेस. पैज लावलीय म्हणे. तिथं लाजलीस तर निभावलं. लोक म्हणतील, अफवा. नाही लाजलीस, तर हिना, त्याच दुपारी तुझी भूमिका मला दुसऱ्याला द्यावी लागेल."

चार वेळा आरशात बघितलं. मनात म्हटलं, बायको कशी आहे? गाल पांढरे.

दहावा महिना, तीस

उद्या एक. गेन्पाचीला निरोप पाठवला होता: सकाळी मठात तू जा, मला खेळ आहे. उत्तर आलं. 'जातो. तुमच्यासाठी नाही.'

अकरावा महिना, एक

पहाटे अंधारातच गेले. मशाली, भेट आलेल्या दारूच्या पिंपांचे ढीग, माणसांवर माणसं. नवा किमोनो घातला. कच्चा दोरा तोडायला जवळ कुणी नव्हतं. मीच मान वळवून दातांत धरला. हलले नाही.

दुसऱ्या अंकात, याही खेळात माझ्यासाठी ठेवलेली, दोरा तोडायची जागा आली. शांतता होती. तेवढ्यात पहिल्या ओळीतून, "हिना! बायको कशी आहे?"

कुणी हसलं नाही. सगळे वाट बघत होते. विंगेत मालक उभे होते, त्यांच्या मागे नवा पोरगा, पूर्ण रंगून तयार. तोंडावर पांढरा रंग इतका जाड, की खाली मी लाल झाले की नाही ते मलाही कळलं नसतं.

मी बाही वर केली नाही. शेटकडे बघितलं. त्याच बारीक, गोड आवाजात म्हटलं, "विधवेला असं विचारतात होय, शेट?"

कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग वरच्या सज्ज्यातून एक बाई मोठ्यानं रडायला लागली. मी दोरा तोडला. सोहेई शेटनं टोपी काढली आणि खेळ संपेपर्यंत मांडीवर धरून बसला. मालकांनी पोराला रंग पुसायला पाठवलं.

संध्याकाळी गेन्पाची लाखेची पाटी घेऊन आला. या वेळी आत आला. भिक्षू कुरकुरले होते म्हणे, "लाल नाव विधवा भरून घेते. पुरुष कुणी भरत नाही, पुरुष दुसरी करतो." गेन्पाचीनं त्यांना सांगितलं, "मग विधवाच म्हणा. वहीतही तसंच करा." त्यांनी वही काढली. 'शिवणारी' खोडलं, 'बायको' लिहिलं.

पाटी फळीवर ठेवली. ओनुईचं नाव सोनेरी. शेजारी माझं, लाल. गेन्पाचीनं दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दाजी, तोफू गरम करू?"

तेव्हा मला रडू आलं. खांदे कितीदा हलले, मोजले नाहीत.

आज सगळं 'आले-गेले'त लिहिलंय. ओनुई रागावली असती. खोडत नाही.