दगडांवर चढणारी गाडी

८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी मागायचं असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखशील. खरंच आहे ते. हा विषय फोनवर काढला की तू हवापाण्याच्या गप्पा सुरू करतोस, म्हणून कागदाचा आधार घेतला.

दादा, मी परत गाडी बनवायला घेतली आहे. आपली तीच, रिमोटवर चालणारी, बॅटरीची, दगडधोंड्यांवर चढणारी. या वेळी मात्र चांगली मोठी, खऱ्या जीपच्या पाचव्या हिश्शाएवढी. वर्कशॉपच्या टेबलावर ठेवली की जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसावं लागतं. दिवसभर लोकांची गेटं आणि जिने वेल्ड करायचे आणि सुट्टी झाली की हिच्या मागे लागायचं, असं आठ महिने चाललंय. पाइपचा सांगाडा झाला, चारी चाकांना शॉकअब्सॉर्बर बसले. घरात ही म्हणते, बाथरूमच्या दाराला कडी लावायला सवड नाही आणि खेळण्याला शॉकअब्सॉर्बर.

घोडं अडलंय ते मागच्या गिअरपेटीपाशी. मोटरनं जोर लावला की दात करकरतात. गिअरच्या दोन जोड्या खाऊन झाल्या. तू तीस वर्षं लेथवर काढलीस, तुला बघताक्षणी कळेल. चार दिवस येऊन राहा ना.

वहिनींना सा. न. माझ्यावरच्या लोभातला थोडा या गाडीच्याही वाट्याला येऊ दे.

तुझा
भुंगा

*

२१ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, मी नुसता सांगतोय. चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय. मध्येच पथ्यपाण्याचे उपदेश आले तर ते तिचे समज, माझे नव्हेत.

दात करकरतात म्हणजे दोष दातांत नसेल. पेटीची भिंत बारीक घेतली असणार तू, तुला कायम घाई. जोर आला की भिंत वाकते, दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून सरकतात आणि दात टोकांवर चालतात. भिंत जाड कर, शाफ्टला दोन्ही बाजूंनी बेअरिंग दे. मग गिअरमधून कागदाची पट्टी फिरवून बघ. ती चुरगळून बाहेर आली पाहिजे, फाटून नाही.

येण्याचं मात्र विचारू नकोस. खाणीतल्या स्पर्धेच्या त्या दिवसानंतर मी हा नाद सोडला, सात वर्षं झाली. सगळं जग म्हणालं अपघात होता, पण गाडी माझी होती. रिमोटचा संदेश घेणारी वायर मी मोटरच्या वायरींना खेटून नेली, संदेश तुटला, आणि गाडी जी सुटली ती थेट फोटो काढायला बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोटोवाल्यांकडे जातो. त्यांना जिना चढवत नाही, दुकान तळमजल्यावर आणलंय त्यांनी. ते काही बोलत नाहीत, मीच माफी मागून येतो. एवढी साधी गोष्ट ज्याला कळली नाही, त्यानं हत्यारांना हात लावू नये.

तुझी गाडी उत्तम होवो. डोळ्यांवर काच घेतल्याशिवाय वेल्डिंगला बसू नकोस (हे माझं, म्हणजे वहिनीचं). लोभ कायम आहे, त्याची काळजी नको.

तुझा
दादा

*

२२ जानेवारी

भावजींना,
स. न. वि. वि.

हे पत्र त्यांच्या नकळत टाकतेय. चष्म्याचं खोटं आहे. दीड वर्ष झालं, त्यांचा उजवा हात थरथरतो, आणि आता डावाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय. औषधानं आळा बसेल म्हणाले, जाणार मात्र नाही. शर्टाची बटणं मी लावते, चहा अर्धा कप भरून देते. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

तुमचं पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्या पेटीचं चित्र काढायला बसले. रेघ काही सरळ येईना. शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, हात धड होते तेव्हा साडेपाच वर्षं मी ते नुसते मांडीवर ठेवून बसलो.

म्हणून सांगते, येण्याचा आग्रह धरू नका. पत्रं मात्र लिहीत राहा. पोस्टमन दिसला की ते खिडकीशी जातात. धाकट्या जाऊबाईंना आशीर्वाद. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
वहिनी

*

९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनी वाचून दाखवतील. वहिनी, मध्ये थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

दादा, त्या दिवशी सकाळी खाणीकडे निघताना गाडीतला रिमोटचा संदेश घेणारा जुना रिसीव्हर चिरलेला निघाला होता. मी नवा बसवला. नवा रिसीव्हर बसवला की त्याला शिकवावं लागतं, की रिमोटचा संदेश तुटला तर मोटर बंद कर. हे तूच मला शिकवलं होतंस. दहा मिनिटांचं काम. पण लोक जमले होते, आपला नंबर जवळ आला होता, आणि मी ते केलं नाही. तू मला विचारलंस, ते करून तपासलंस का. मी हो म्हणालो.

वायर तू कुठूनही नेली असतीस तरी संदेश कधीतरी तुटणारच होता. गाडीनं तिथल्या तिथे थांबायला हवं होतं. ती थांबली नाही ती माझ्यामुळे.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर तू वायर-वायर करत होतास. तेव्हाच सांगणार होतो. मग वाटलं, फोटोवाले बरे झाले की सांगू. मग नोकरीच्या निमित्तानं गाव सोडलं. दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. ही गाडी बनवायला घेतली तीही त्यासाठीच. वाटलं, तू येशील, आपण मिळून ती चालवू, तुझं मन परत यात रमेल आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. इतका मी भित्रा.

तुझ्या हातांचं मला कळलंय. वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी कळवलं नसतं, तर हे पत्रही मी लिहिलं नसतं.

माया ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

भुंगा

*

१७ फेब्रुवारी

भुंग्या,

पत्र ऐकलं. तुझी वहिनी वाचताना थांबली नाही.

तुझ्या त्या हो म्हणण्यावर मला कधी शंका आली नाही. मी माझ्यावर शंका घेतली. घरचा लेथ विकून टाकला. कारखान्यातही मापं दोनदोनदा तपासायला लागलो, पोरं हसायची. शेवटी मुदतीआधीच घरी बसलो.

मला आत्ता काही लिहायचं नाही. आधी फोटोवाल्यांकडे जा आणि त्यांना सांग. आमच्या घरी येऊ नकोस.

दादा

*

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

परवा फोटोवाल्यांकडे जाऊन आलो. तुझ्या गल्लीवरूनच बस गेली, मी उतरलो नाही.

ते पासपोर्टचे फोटो कापत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातले चारही फोटो कापून पाकिटात घातले, मगच मला बस म्हणाले. पहिली दोन वर्षं तुझ्या दादांना सांगून थकलो, असं म्हणाले, की माफी मागायला येऊ नका. मग सांगणं सोडलं, कारण त्यांच्या येण्याची सवय झाली. आता तू कशाला येशील, याचीच त्यांना काळजी लागलीय.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, पायाबद्दल मी तुला तेव्हाही माफ केलं असतं, पोरगेलं वय होतं तुझं. पण त्या माणसाची सात वर्षं गेली, ती काही माझी नव्हेत, त्यांची माफी मी कशी देऊ. निघताना ते काठी घेऊन दारापर्यंत आले, ते मला बघवलं नाही.

गाडी पुरी झाली. भिंत जाड केली, पट्टी चुरगळून आली. गावाबाहेरच्या दगडांवर नेली. गुडघाभर उंचीचे दगड ती न अडखळता चढली, गिअरचा आवाजसुद्धा नाही. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ती बंद करून घरी न्यावीशी वाटली. टेबलावर कापड टाकून ठेवलीय. तिचं काय करायचं ते तू सांग.

उत्तर आलं नाही तरी मी लिहीत राहीन.

भुंगा

*

३० मार्च

चि. भुंग्यास,
आ.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, चार दिवस लागले. अक्षर लागलं नाही तर हिला विचार.

राग गेलेला नाही. सकाळी बटणं लावून घेताना रोज नव्यानं येतो. तू त्या बाकावर बोलला असतास तर मी तुला दोन थपडा मारल्या असत्या आणि पुढच्या महिन्यात आपण दुसरी गाडी करायला घेतली असती. मला तेच राहून राहून आठवतं, न झालेलं.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटोवाल्यांकडे गेलो. माफी मागायची नव्हती, त्यामुळे काय बोलावं दोघांनाही कळेना. मग त्यांनी माझा फोटो काढला. हललेला आलाय.

गाडीचं विचारलंस. ती चालव. कापडाखाली ठेवायला बनवत नाहीत.

सात वर्षांत माझ्या डोक्यात गाड्या येतच होत्या. मी त्या हाकलून द्यायचो. आता हिला सांगत गेलो आणि तिनं पट्टीनं काढल्या. सोबत तीन नकाशे आहेत. पहिल्या गाडीची मागची चाकंही वळतात. दुसरी मधून दुमडते. तिसरीचं पुढचं जुळत नाहीये, माझं कुठेतरी चुकतंय. माझ्या हातून यातली एकही होणार नाही. तू कर, आणि तिसऱ्यात काय चुकलं ते मला कळव.

भेटायला एवढ्यात येऊ नकोस. मी बोलावीन.

लोभ तुटलेला नाही, पण सध्या तो मागू नकोस.

दादा