प्लेटच्या खालची नावं

६ नोव्हेंबर, गुरुवार
फार उशीर झाला, प्रभाकर. माफ कर. निखिलने ही वही देऊन तीन आठवडे झाले आणि आज कुठे पहिली ओळ लिहितो आहे. लिहायचा होता कंपनीच्या बेसबॉल टीमचा इतिहास. 'काका, सुरुवातीचे तुम्ही एकटेच उरलात इथे, तुम्हालाच लिहावं लागणार.' निखिल म्हणजे आत्ताचा सेक्रेटरी. पुण्याचा, कंपनीत अकाउंट्सला, दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर. चांगला आहे, पण घाईचा. मी नववी नापास. मला काय इतिहास जमणार? रोज जे होईल ते लिहीन. तुझ्याशी बोलल्यासारखं लिहिलं की हात चालतो.

बातमी अशी: कंपनी दोहातून उठून मस्कतला चालली. बरोबर टीमपण. नाव 'शमाल'च राहणार, शर्ट तेच, माणसं बहुतेक नवी. इथला शेवटचा सामना २१ला, शुक्रवारी. सामना झाला की बॅटरच्या पायाशी जमिनीत बसवलेली होम प्लेट काढायची, पेटीत घालायची, मस्कतच्या ग्राउंडवर बसवायची. पाचवं ग्राउंड.

हे ऐकल्यापासून छातीत धडधडतं आहे. सुनेने, अश्विनीने, बी.पी. बघून लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली.


८ नोव्हें., शनि.
इतिहास म्हणून एवढं तरी लिहून ठेवतो.

पहिलं ग्राउंड जुन्या विमानतळाच्या अंगाला. मोकळी रेताड जमीन. कंपनीतल्या अमेरिकन साहेबांना बेसबॉलची टीम पाहिजे होती. त्यांना कुणीतरी सांगितलं की जळगावकडची पोरं सॉफ्टबॉल खेळतात. आम्हाला व्हिसा आला तो त्या जोरावर. प्रभाकर, तू चेंडू टाकणारा पिचर, मी प्लेटमागचा कॅचर. कागदावर मी स्टोअरकीपर, तू हेल्पर. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस सराव, पगार पूर्ण. गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. बाबा म्हणायचे, चेंडू पकडायला कोण पगार देतं?

मग तिथे बंगले, बिल्डिंगी उठल्या. दुसरं ग्राउंड दुहैलला. तिथे शाळा झाली. तिसरं इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्याला. तिथून रस्ता गेला. चौथं हे आत्ताचं, शहराबाहेर, भोवती काही नाही.

दर वेळी एक रीत. आधी प्लेट बसवायची, मग बाकीचं. पांढऱ्या रबराची पाचकोनी प्लेट, अमेरिकेहून आलेली, चारही ग्राउंडला तीच. नवा खेळाडू आला की पहिल्या सामन्याआधी गुडघे टेकून तळहाताने तिच्यावरची रेती पुसतो. ही साहेबांची रीत. बसवताना नारळ फोडायचा ही प्रभाकरची. पहिल्या वेळी मोठ्या साहेबाने पाणी पिऊन विचारलं होतं, दर सामन्याला मिळतं का हे?

प्लेटच्या खालच्या बाजूला पहिल्या नऊ जणांची नावं. खिळा तापवून प्र.ने कोरलेली. अमेरिकनांचीसुद्धा मराठीत. हे आम्हा दोघांशिवाय इथे कुणाला माहीत नव्हतं. कोजागिरीला मसाला दूध पिता पिता मीच पोरांपुढे मिरवलो. आता निखिल म्हणतो पेटीला वरखाली काच लावू, नावं दिसली पाहिजेत.

माझंच तोंड. दुसरं काय.


११ नोव्हें., मंगळ.
लिहूनच टाकतो. मुलगा मिलिंद कामावर गेला, अश्विनी भाजी आणायला, घरात कोणी नाही.

ती प्लेट खरी नाही.

अकरा वर्षं झाली. तिसरं ग्राउंड गुरुवारी सोडलं. रविवारी मशिनं येणार होती. शुक्रवारी सकाळी जाऊन प्लेट काढून आणायची हे काम माझं. कॅचरनेच काढायची असं तूच म्हणाला होतास, प्रभाकर. शुक्रवारी पहाटे बायकोला, सुमनला, दम लागला. दवाखान्यातच दिवस गेला. संध्याकाळी बरी होऊन घरी आली. इथपर्यंत माझी चूक नाही.

शनिवार होता ना मधे. शनिवारी मी झोपलो. दुपारी उठून चहा घेतला आणि म्हटलं, उद्या ड्यूटीवरून येताना काढू, मशिनं काय लगेच त्याच कोपऱ्यात येतात?

रविवारी गेलो तर काँक्रीट ओतलं होतं. ओलंच होतं. एक गवंडी म्हणाला, 'चाचा, क्या ढूँढ रहे हो?' मी म्हटलं, कुछ नहीं.

स्टोअरमध्ये जुना कन्व्हेयर पट्टा पडून होता. जाड रबर. त्यातून कापली. माप काढायला लागलं नाही. दोन विती, एक बोट कमी. इतकी वर्षं तिच्यामागे उकिडवा बसलो होतो. पांढरा रंग दिला, वाळल्यावर वाळूने घासून जुनी केली. खालची बाजू कोरीच ठेवली. पोत्यात घालून प्र.च्या खोलीवर नेऊन दिली, कारण नवं ग्राउंड त्याला जवळ. आठवडाभर त्याच्या पलंगाखाली होती.

पुढच्या शुक्रवारी त्यानेच बसवली. मला हात लावू दिला नाही. कंबर धरेल तुझी, म्हणाला. नारळ फोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'हलकी झाली रे भो.'
मी म्हटलं, तूच जाडा झालास.
तो हसला नाही.


१४ नोव्हें., शुक्र.
प्र.ला तीनदा फोन केला. बंद. शेवटचं बोलणं दोन दिवाळ्यांपूर्वी, तेही 'फराळ झाला का' एवढंच. खरं तर त्या प्लेटनंतरच बोलणं कमी झालं. पुढच्या वर्षी तो चोपड्याला कायमचा गेला. मला एअरपोर्टला येऊ नको म्हणाला. उन्हाचं कशाला, म्हणे. विमान संध्याकाळचं होतं.

तेव्हापासून मनात हेच. त्याला कळलं असेल का? कळलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. त्याचा स्वभाव गप्प बसायचा नाही. पण मग गप्प का बसला?

त्याची मुलगी माधुरी. तिचा नंबर मिळवला. मेसेज टाकला: बाबांशी अर्जंट बोलायचं आहे, भास्करकाका, दोहा. 'अर्जंट' लिहिल्याने घाबरेल म्हणून दुसरा मेसेज टाकला, काळजीचं कारण नाही. ते खोटं.


१७ नोव्हें., सोम.
मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

ईराला विचारलं. नात, नववीत आहे, मराठी समजतं पण बोलत नाही. समज, असं असं कुणी केलं, तर? आधी हसली. 'आजोबा, इट्स जस्ट रबर.' मग माझं तोंड बघून मोबाइल खाली ठेवला. 'बट यू शुड टेल देम.'
तिला काय जातं सांगायला.

सायंकाळी खाली चक्कर. माझ्या हिशेबाने आमच्या अल हिलालच्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या जरा पुढे पहिल्या ग्राउंडचा सेकंड बेस होता. मिलिंदला सांगितलं की तो म्हणतो, बाबा, मागच्या वेळी तर तुम्ही फार्मसीपाशी म्हणाला होतात. असेल. खूण एकही राहिली नाही. प्लेट काय ती एकच खूण होती, ती माझ्या झोपेत गेली.


१९ नोव्हें., बुध.
ठरवून ग्राउंडवर गेलो. आज सांगायचंच. निखिल खुर्च्या मोजत होता. पेटी तयार आहे. सागवानी, वरखाली काच, पितळी पट्टी. पट्टीवर लिहिलं आहे 'पहिल्या दिवसापासून'.

म्हटलं, निखिल, एक बोलायचं आहे.
'बोला ना काका. भाषण पाच मिनिटंच हां, मस्कतचे लोक ऑनलाइन असणार.'
म्हटलं, नावं पुसली गेली असतील. इतकी वर्षं जमिनीत.
'पुसली तर पुसली. आडवा लाइट मारला की सगळं दिसतं.' मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, 'काका, तुम्ही टेन्शन का घेता? ही प्लेट म्हणजेच टीम. बाकी सगळं बदललंय. यल्ला, चला, चहा घेऊ.'

चहा घेतला. साखर जास्त होती. घरी आलो.

पट्टीवरचं ते वाक्य डोळ्यांपुढून जात नाही. मस्कतची पोरं गुडघे टेकून काय पुसणार? पट्ट्याचा तुकडा. आणि तो तिथे पोचला की खलास, मग कधीच कुणी विचारणार नाही. खोटं पक्कं होईल. त्यापेक्षा परवा उघडं पडलेलं बरं का? पण मिलिंद, अश्विनी, ईरा, सगळे येणार आहेत.


२१ नोव्हें., शुक्र.
सामना जपानी लोकांच्या टीमशी. हरलो. वारा सुटला होता, चेंडू दिसत नव्हता. कुणाला फार वाईट वाटलं नाही. सगळ्यांचं लक्ष पुढच्या कार्यक्रमाकडे.

प्लेट मीच काढणार म्हणालो. मनात होतं, आधी आपल्याला दिसली तर खालून ओला चिखल फासू, धुताना नावं गेली म्हणू. म्हाताऱ्याच्या अंगी काय काय येतं. गुडघे टेकले. कडा मोकळ्या केल्या. पण कंबरेने साथ दिली नाही. निखिल आणि एक फिलिपिनो खेळाडू दोघांनी धरून उचलली आणि तिथल्या तिथे उलटी केली.

मी डोळे मिटले. बायकोचं नाव घेतलं.

निखिल ब्रश मारत होता. मग म्हणाला, 'काका, आहेत की!'

मी खाली बघितलं. नावं होती. तापवलेल्या खिळ्याने कोरलेली. मराठीत. साहेबांची सुद्धा. 'र'ला ती लांब शेपूट, जी चोपड्याच्या शाळेत मास्तरांनी छडी मारूनही तुझी गेली नाही.

टाळ्या वाजल्या. निखिल एकेक नाव मोठ्याने वाचत गेला. आठ झाली. तो थांबला. बोट फिरवलं. 'काका, तुमचं कुठंय?'

माझं नाव नव्हतं. खाली एका ओळीची जागा होती, सरळ, बाकीच्या ओळींइतकीच उंच. मोकळी.

'पुसलं असेल,' मी म्हटलं.
'अरेरे,' निखिल म्हणाला. 'नेमकं तुमचंच.'

भाषण झालं नाही. माइक धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, काकांना भरून आलं. ईरा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.


२२ नोव्हें., शनि.
आठवडाभर पलंगाखाली होती. त्या आठवड्यात केलंस ना? पोतं उघडलंस, उलटी केलीस, खाली कोरं दिसलं. मला फोन नाही केलास. खिळा तापवलास. सगळ्यांची नावं आठवून आठवून लिहिलीस. बेसवरचा तो कोरियन, त्याचं नाव मलासुद्धा आठवत नव्हतं. आणि दुसऱ्या शुक्रवारी माझ्यासमोर बसवलीस, मला हात लावू दिला नाहीस, मी उलटी करून बघेन म्हणून.

अकरा वर्षं मी भीत होतो ते एका रिकाम्या पाठीला. ती रिकामी नव्हतीच.

पण नववी ओळ.

दिवसभर तेच. खिळा गार झाला का? कुणी दार वाजवलं? की मुद्दाम वगळलंस? वगळलं असशील तर बरोबर आहे. पण मग जागा कशाला सोडलीस? नाव नको असलेला माणूस जागा सोडत नाही. असं दुपारी वाटतं. संध्याकाळी वाटतं, जागा सोडली म्हणजे तिथे कुणीतरी होता आणि आता नाही हे दिसावं म्हणून.

जेवण गेलं नाही. अश्विनीने आपण होऊन लोणचं वाढलं.


२५ नोव्हें., मंगळ.
निखिलकडून प्लेट मागून आणली. साफ करतो, दोन दिवसांत देतो, म्हटलं. त्याला सगळं सांगायला गेलो होतो. सांगितलंही, शनिवारी झोपलो त्यासकट. त्याने पेटी उघडून प्लेट बाहेर काढली. मग म्हणाला, 'काका, पट्टीवरचं वाक्य काढतो. प्लेट हीच जाईल. नवव्या नावाचं तुमचं तुम्ही बघा.' गुरुवारी दुपारी गाडी येणार.

घरी आता सगळ्यांना माहीत आहे. ईराने ड्रॉवरमधून लांब खिळा शोधून माझ्या टेबलावर ठेवला.

आज सकाळी माधुरीचं उत्तर आलं. बाबा हल्ली माणसं ओळखत नाहीत. सकाळी चहानंतर तासभर बरे असतात. फोन कानाला लावला की घाबरतात.

म्हणून ही वही. ईरा पानांचे फोटो काढून तुला पाठवते आहे, माधुरी. चहानंतर त्याला वाचून दाखव. सगळी नको. २१च्या शुक्रवारचं पान दाखव आणि एवढंच विचार: प्रभाकर, नववी ओळ तू विसरलास, की रागाने मोकळी ठेवलीस, की मी माझ्या हाताने लिहावी म्हणून? नुसती मान हलवली तरी चालेल. हलवली नाही तर तेही कळव.

खिळा गॅसपाशी आहे. अजून तापवलेला नाही. मला गुरुवार दुपारपर्यंतच वेळ आहे गं. लवकर कळव.