जुलाबावरची गोळी

५ जाने. २००४, जालना
फार्मसी दुसऱ्या वर्षाचा तास. विचारलं, या औषधानं गुण येतो, कशावरून? एक जण: "सगळेच देतात, मॅडम." दुसरा: "कंपनीचा माणूस सांगून जातो की." मी म्हटलं, तपासून पाहिलंय का कुणी, ते कोण बघणार? मागून आवाज: "हे परीक्षेला आहे का?"
न्हाई, म्हणाले मी. वह्या बंद.

१९ जाने.
मस्तगडला नेट कॅफेत गेल्ते. एका औषधाच्या चाचणीवरचा लेख उघडता उघडता लाईट गेली. परत उघडला तर नुसता सारांश, पुढचं पैसे भरून. अन् मी पोरांना सांगते, मूळ लेख वाचा!

२ फेब्रु.
मंठ्याची वैशाली तेवढी तासानंतर थांबते. आज म्हणे, "जुलाब बंद करायची गोळी लहान लेकराला का देऊ नये, ते सापडलं." आतडं थंडावतं, पोट फुगतं, जिवावरही बेतू शकतं; अंगातलं गेलेलं पाणी-मीठ भरून काढणं हेच खरं. बराबर सांगितलं. घरी येताना गुणगुणत होते म्हणे मी. हे हसले.

१४ जुलै
वै. मंठ्यातच एका मेडिकलमधे ट्रेनिंगला आहे. मालकाची सही न्हाई तर डिप्लोमा न्हाई. आज तिचा फोन, रडून राह्यली. एक बाई आल्ती, कडेवर तान्हं लेकरू, जुलाब. मालक म्हणाला ती गोळी अर्धी करून दे. हिनं दिली न्हाई. ओआरएसची पुडी दिली, कशी पाजायची ते सांगितलं, सरकारी दवाखान्यात पाठवलं. मालक सगळ्यांदेखत: "गिऱ्हाईक हाकलायला ठेवलं का तुला? उद्यापासून येऊ नको."

१६ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. "काय भरून राह्यल्या पोरांच्या डोक्यात? दुकानदार ट्रेनिंगला घेणार न्हाईत मंग."
"सर, पोरगी चुकली का?"
"चुकली न्हाई हो. पण..." चहा मागवला.

१८ जुलै
मंठ्याला जाऊन आले. मालक वाईट माणूस न्हाई, हाच ताप. खुर्ची दिली. "मॅडम, त्या बाईला उद्या कामावर जायचं असतं. मी न्हाई दिली तर समोरचा देतो. पोरीनं माफी मागावी, सही करतो."
लेकराचं काय झालं?
"ती बाई परत आलीच न्हाई."
बरं झालं म्हणून? की समोरून गोळी नेली म्हणून? की... एसटीत सगळा रस्ता तेच.

२० जुलै
वै. वडलांना घेऊन आली. ते प्राथमिक शाळेत गुरुजी. "माफी मागून मोकळं व्हायला सांगा हिला, मॅडम. वर्ष जाईल."
वै. म्हणाली, "मागते. पण पुन्हा तशी बाई आली तर?"
मी म्हणाले, देऊ नको.
गुरुजी उठता उठता थांबले. "मंग माफी कशाची मागायची?"
दोघं स्टँडकडं गेले. वै. पुढं, ते मागं. मंठ्याची गाडी एव्हाना सुटली असेल.