नागवेलीची अकोल्याला बदली

अकोला,
वैशाखातली एक भाजणारी दुपार

ती. कमलाकांतदादास,

प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा आठांपैकी जमतील तितक्या अंगांनी केला असं समज.) तुझा रक्तदाब, वहिनीची कवळी आणि अंगणातला आंबा, तिन्ही जागेवर असतील अशी आशा करते. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. नितेशच्या या फ्लॅटला भिंती आहेत, पण त्या रंग लावण्यापुरत्या. मी बैठकीत खोकले की स्वयंपाकघरातून सूनबाई विचारते, "आई, आल्याचा रस देऊ का?" अशा घरात मनातलं बोलायचं तर कागदच बरा.

मी इथे अतिशय आनंदात आहे. हे आधीच लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. आणि हे पत्र माझ्याबद्दल नाही, नागवेलीबद्दल आहे.

फेब्रुवारीत मी अमरावती कायमची सोडली तेव्हा भजनी मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं, गल्लीनं चिवडा खाल्ला, आणि तू फाटकात उभा राहून विचारलंस, "प्रमू, तिथलं ऊन झेपेल का तुला?" मी उत्तर दिलं की मी नन्सच्या शाळेत शिकले आहे, मला कुठेही ताठ बसता येतं. मग मोटारीत पुढच्या सीटवर बादलीतली वेल आणि मागे लोणच्याच्या बरण्यांमध्ये मी, अशा आम्ही दोघी निघालो. तुझ्या आंब्याच्या सावलीत, न्हाणीच्या ओल्या भिंतीला धरून वाढलेली ती वेल. पान तळहाताएवढं, लोण्यासारखं मऊ. जेवणानंतर रोज एक तोडूनही तू मला कधी धन्यवाद म्हटल्याचं आठवत नाही, पण ते असो.

इथे तिच्या वाट्याला आली चौथ्या मजल्यावरची पश्चिमेची बाल्कनी. दुपारी तिथे कपडे वाळत नाहीत, भाजतात. आठवड्याभरात पानं पिवळी पडली, मग कडा तपकिरी झाल्या, मग एकेक पान विड्याची सुरळी करून खाली पडायला लागलं. मी हिरवी जाळी आणून कठड्याला बांधली. (गाठी मीच मारल्या. सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हांला भरतकाम शिकवलं, गाठी नाही.) संध्याकाळी वावटळ आली आणि जाळी उडून थेट खाली अंगणात, सुभद्राबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. सुभद्राबाई म्हणजे तळमजल्यावरच्या, दर्यापूरकडच्या, आवाजाला माईक न लागणाऱ्या. त्यांनी खालूनच विचारलं, "मॅडम, आता कुरडया तळू का जाळी तळू? झाडाले सावली पायजे त झाड खाली आना. आभायाले काहून झाकून राहिल्या?" मी शुद्ध मराठीत क्षमा मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी बोलता लय गोड, पन कुरडयाचा भुगा झाला." त्यानंतर मी बाल्कनीतून खाली वाकून बघणं सोडून दिलं.

मग वेल बैठकीत आणली आणि कूलरसमोर ठेवली. नितेश ऑफिसातून आला, त्यानं घामानं भिजलेला सदरा काढला, आणि म्हणाला, "आई, कूलर माणसांसाठी असतो गं." मी म्हटलं, माणसं खिडकी उघडू शकतात. त्यानं खिडकी उघडली, गरम झळ आत आली, आणि तो आंघोळीला निघून गेला. वेलीनं तरी उपकार मानावेत? पंधरवड्यात फिकट, लांबडी झाली. पानापानांत हातभर अंतर, आणि मान खिडकीकडे, जणू कुणाच्या गाडीची वाट बघते आहे. उन्हात ठेवली तर जळते, सावलीत ठेवली तर झुरते. अशा बाईला काय म्हणावं?

हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला, इथे माझं चुकलं. सूनबाई प्राजक्ता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि घरीही तास घेते. भेंडी चिरता चिरता म्हणाली, "आई, सावलीत वाढलेलं पान पातळ असतं. त्याला आता जाड व्हा म्हटलं तर होता येत नाही. ते गळणारच. त्याचं वाईट नका वाटून घेऊ. पुढचं पान इथलं ऊन बघून येईल, लहान आणि जाड." एवढं बोलून तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. आता दादा, तूच सांग. या वाक्यातलं जुनं पान कोण, हे कळायला वनस्पतिशास्त्र लागतं का? मी तिला सांगितलं की भेंडी फार जाड चिरते आहेस.

ती वाईट नाही. वाईट असती तर केव्हाच भांडून, डोक्यावर पदर घेऊन परत आले असते. पण ती माझ्या चहात मोजून साखर घालते, दुपारी पडदे ओढते, माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. अशा घरातून निघायचं तर निमित्त काय सांगायचं? सध्या वेल पुन्हा बाल्कनीत आहे आणि तिच्यावर माझी काळी छत्री बांधली आहे. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणी म्हातारी रुसून बसली आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
प्रमोदिनी

ता. क. वेलीला तुझ्या आंब्याखाली परत आणणं भाग आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तिला एकटीला बसमध्ये बसवता येत नाही, तेव्हा नाइलाजानं मी येईन. ती सुधारेपर्यंत राहीन. नागवेली फार सावकाश सुधारतात.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी बाल्कनीत गेले, आणि घात झाला. वेलीला नवं पान आलं आहे. लहान, जाड, ताठ. छत्रीच्या बाहेर, उन्हात. प्राजक्तानं त्याची कड चावून पाहिली आणि डोळे पुसत म्हणाली, "आई, केवढं तिखट आहे. आता ही इथली झाली, हलवायची नाही." नितेशनं फोटो काढला. त्या कृतघ्न वेलीनं अकोला पत्करलं आणि माझं निमित्त बुडवलं.

तेव्हा सरळ लिहिते. मला घरी यायचं आहे, आणि भजनी मंडळाची शाल परत न करता यायचं आहे. तू आजारी पड. ताप नको, प्राजक्ता आकडा विचारते. कंबर धर, कंबर कुणाला मोजता येत नाही. नितेशला फोन करून जरा कण्ह आणि म्हण की प्रमूवाचून अडलं आहे. वहिनीला मात्र खरं सांगून ठेव. नाहीतर मी पोचायच्या आत ती तुला बरा करून टाकेल.