पिकवलेली फुप्फुसं

१२ एप्रिल ९३, ठाणे
आठवा महिना नुकता लागलाय आणि ऑफिसातच कळा. दुपारी भरती. खाटेच्या पायथ्याकडच्या बाजूखाली विटा ठेवल्यात, डोकं खाली, पाय वर. माझा नवरा प्र. माझ्याहून जास्त पांढरा पडलेला.
डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाची फुप्फुसं कच्ची आहेत, ती लवकर पिकावीत म्हणून तुम्हाला इंजेक्शन. एक आज, एक उद्या. तोवर बाळाला धरून ठेवायचं.
आई कोळीवाड्यातून डबा घेऊन आलेली. "पिकवतान? पेंढ्यात घालून?"
मी हसले. आई लगेच ओरडली, हसू नको, पोर बाहेर येल.

१३ एप्रिल
दुसरं इंजेक्शन झालं. शिंकायचीही भीती. आईने बाईंना गाठलंच. "पावडरीनं पिकवलेला आंबा वरून पिवला नि आत आंबट. पोराचा तसा नाय ना होनार?"
लाजेने डोळे मिटून घेतले. पण मलाही हेच विचारायचं होतं.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पिकवणं हा आमचा बोलायचा शब्द. फुप्फुसात बारीक पिशव्या असतात, त्या एकमेकींना चिकटू नयेत एवढी तयारी औषध लवकर करून घेतं. खरी वाढ जन्मानंतरही काही वर्षं चालते, ती बाळाची बाळानेच करायची.
मी विचारलं, "पुढे त्रास?"
"आत्ता श्वास घेऊ दे. पुढचं नक्की कुणीच सांगू शकत नाही."

१४ एप्रिल
मुलगी. दीड किलोच्या जरा वर. आणि रडली! नुसती नाही, खणखणीत. बाहेर बाकावर आईला ऐकू गेलं. "गला माजा घेतलान," म्हणत वॉर्डभर फिरली. पाटीत पापलेट घेऊन गल्लीत हाक मारणारा गळा तो.
पेटीत ठेवलंय, नाकाला ऑक्सिजन. काचेतून पोट वर-खाली होताना पाहिलं. इतका आनंद मला झेपत नाही.

९ मे
घरी, वर्तकनगर. नाव ठेवलं मनू. रडते तेव्हा वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटतात. आपटा.

डिसें. ९४
मनूची छाती वाजते. रात्रभर मांडीवर. तो आंबा पुन्हा डोक्यात शिरला.
डॉक्टरबाईंना विचारलं, लवकर आली म्हणून, की औषधामुळे, की थंडीने? म्हणाल्या, "लवकर आलेल्यांची वाजते जास्त. औषध नसतं तर कदाचित विचारायला मनूच नसती. तिची का वाजते, खरं सांगू? मला माहीत नाही." आवडलं मला. सुंठीचा चहा (माझ्यासाठी). प्र. घोरतोय, त्याची छाती अगदी ठणठणीत.

फेब्रु. ९८
यंदा हिवाळाभर वाजली नाही!! लिहू की नको असं झालं, नजर लागेल. लिहिलं.
बाईंनी नळीत फुंकायला लावलं. वयाच्या मानाने किंचित कमी, म्हणाल्या, पण काळजीचं काही नाही. "पोहायला घाला, दम वाढेल." मी नाही म्हटलं. पाणी नाकात गेलं तर?
आई फुगून बसली. "कोल्याची पोर पान्याला भ्याली तर लोका हासतील."

मे ९८, रविवार
सगळे खडवलीला, नदीवर. आईने मनूला गुडघाभर पाण्यात नेलं. "नाक धर नि बस."
बसली. डोकं दिसेना. मीही काठावर श्वास रोखून धरला. माझाच आधी सुटला. ती नंतर आली वर, केस तोंडावर, आणि ओरडली, "आई, परत!"
परत. आणि परत. मी हसत होते की रडत होते, प्र. विचारत राहिला.
गाडीत मनू म्हणाली, मला खोल पाण्यात पोहायला शिकायचंय. आई खिडकीबाहेर बघत बसली, मुद्दाम. मी हो म्हटलं नाही.
उद्या ऑफिसातून येता येता स्टेशनजवळच्या दुकानात तिच्या मापाचा पोहायचा पोशाख आहे का विचारावं म्हणते. नुसतं विचारायला काय जातं.