आधीच्या नोकरीचा दाखला

प्रिय सूनबाई,

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस ती दुपार तुला आठवते का? तेव्हा तू सूनबाई नव्हतीस, नुसतीच ‘एक मैत्रीण’ होतीस, आणि ते सांगताना आमच्या चिरंजीवांचे कान लाल झाले होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या रिटर्नचे कागद मांडून बसले होते. पंखा बंद, कागद उडू नयेत म्हणून, आणि तरी प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी वजन: मिठाची बाटली, कात्री, त्याच्या बाबांचं जुनं घड्याळ. तू चहाचा कप घेऊन माझ्या खांद्यामागे उभी राहिलीस आणि गालाला शाई लागलीय हे सांगावं तितक्या हळू म्हणालीस, “काकू, इथे सातचा एक झालाय बहुतेक.” झालाच होता. मी हसले, तुला आणखी एक बिस्कीट दिलं. तुला सोडून परत आल्यावर त्याने विचारलं, “आवडली ना?” आवडली होतीसच. पण त्या सातच्या एकाचं कुसळ तेव्हा जे डोळ्यात गेलं, ते सहा वर्षं झाली तरी तिथेच आहे.

तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काढली. सल्ला साहेब द्यायचे, बेरजा मी करायचे. मिशनच्या शाळेत गणिताच्या सिस्टर सांगायच्या, बेरीज दोनदा करा, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. देव सगळं पाहतो, पण आकडे तपासत बसत नाही. तेच मी जन्मभर केलं. मुलाला पहिली नोकरी लागली तेव्हापासून त्याचे कागदही मीच बघितले. वर्षातला एक रविवार त्या कामाचा. तो चुरगळलेल्या कागदांची पिशवी टेबलावर उपडी करायचा आणि म्हणायचा, “आई, वाचव.” मग मी आकडे लावायचे आणि तो पंचिंग मशीनने भोकं पाडत बसायचा. भोकं पाडता पाडता बोलायचा. साहेबाने चारचौघांत कसं झापलं, केस गळताहेत त्याची कशी भीती वाटते, एकदा सिगारेट ओढली ती कशी खोकल्याने परत केली. कागदाकडे बघत माणूस पुष्कळ खरं बोलतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही ना! तुझ्याबद्दलसुद्धा मला त्या टेबलाशीच कळलं. तुम्हाला आधी कळलं असेल एकमेकांचं, पण तिसरी मी होते.

लग्न झालं, तुम्ही वेगळं घर केलंत, तरी तो रविवार टिकला होता. यंदा टिकला नाही. फोन आला, “आई, तू आता दगदग करू नकोस, यंदा ही बघतेय सगळं.” ज्या दिवसासाठी मी आठवडाभर आधी पेन्सिलींना टोकं काढून ठेवायचे, त्याला हा दगदग म्हणाला. पुढे वीस मिनिटं तुझं कौतुक. जुनी नोकरी सुटली, तीन महिने तो घरी बसला, मग नवी लागली. नव्या ऑफिसकडे आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यात चढ्या दराने कर कापला. जास्तीचे गेलेले पैसे परत मागता येतात, फक्त दोन्हीकडचे दाखले जोडून मुदतीत अर्ज करायचा, हे म्हणे तू शोधून काढलंस! एकतीस वर्षं मी हेच दळण दळलं, आणि माझा मुलगा मला पीठ कशाला म्हणतात ते समजावून सांगत होता. मी म्हटलं, “हो का? हुशार आहे हो.” फोन ठेवला आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

मत्सर हा शब्द शाळेत आम्ही सात पापांच्या यादीत पाठ केला होता. मला वाटायचं तो दुसऱ्या मुलींसाठी आहे. आता कळतं, तो कसा येतो ते. चोरासारखा नाही, पाहुण्यासारखा येतो. आपणच त्याला खुर्ची देतो. माझ्याकडे तीन चमचे साखर घालणारा मुलगा तुझ्याकडे बिनसाखरेची कॉफी पितो, याचा मला राग. त्याच्या शर्टांना आता तुमच्या साबणाचा वास येतो, याचा राग. तू मला ‘आई’ म्हणतेस, तेही तो म्हणतो त्याच चालीवर, त्याचाही. हसू नकोस. किंवा हस, मला दिसणार नाहीये.

आणि यापेक्षा खोलवरचं एक आहे, ते मी त्यालाही कधी सांगितलेलं नाही. तो रिफंड तुझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी आहे, हे त्याने सहज सांगितलं. तो घरी बसला होता तेव्हा तू डोळे तपासण्याचा तुझा कोर्स अर्धवट सोडून चष्म्याच्या दुकानात पूर्ण वेळ उभी राहिलीस; आता तुला परत बसवायचं आहे म्हणाला. अगं, मी तुझ्या वयाची असताना साहेबांनी मलाही कर सल्लागाराच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला होता. “तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या तपासता, स्वतःच्या नावाने तपासा,” म्हणाले होते. तेव्हा हा पोटात होता. त्याचे बाबा काही वाईट माणूस नव्हते, पण “बस तू परीक्षेला, मी बघतो घरचं,” हे वाक्य त्यांना सुचलंच नाही. माझ्या मुलाला सुचलं. मी वाढवलेल्या मुलाला सुचलं, आणि ते त्याने तुझ्यासाठी म्हटलं. मला अभिमान वाटायला हवा होता. तो वाटला, पण दुसऱ्या दिवशी.

नंतर तुझा फोन आला. जुन्या ऑफिसचा दाखला अजून मिळाला नाही, त्यांच्याकडे पत्ता आमच्या घरचाच आहे, “आई, तिकडे एखादं पाकीट आलंय का?” मी म्हटलं, “नाही गं, इथे काही नाही.” तू दुपारची जेवणाची सुट्टी घालवून त्या ऑफिसात तीनदा गेलीस. तिथल्या कारकुनाने “पाठवलंय, घरी नीट शोधा” म्हणून तुला वाटेला लावलं. हे सगळं मला तूच सांगितलंस, न चिडता. तू चिडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग गेला रविवार. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. “आई, सुई कुठे?” म्हणत तू शिलाई मशीनचा खण उघडलास. मी ओट्याशी होते, हातात किटली. एक बटण लावून होईल इतका वेळ तू तिथे उभी होतीस. मग खण अलगद बंद केलास आणि म्हणालीस, “पांढरा दोरा दिसत नाहीये.” पांढऱ्या दोऱ्याचं रीळ खणात सगळ्यात वर होतं. मी येऊन काढून दिलं. तू बटण लावलंस, दोरा दातांनी तोडलास. निघताना, बुटांची लेस बांधता बांधता, खाली बघतच म्हणालीस, “एकवीस तारीख शेवटची आहे, आई.” जिन्यावरून तो ओरडला, “हिला झोपेतही एकवीस तारीखच दिसते!” तू हसली नाहीस. मीही.

चार दिवस मी त्याच्या फोनची वाट पाहिली. तो ओरडेल, मी रडेन, मग सगळं एकदाचं होऊन जाईल. काल फोन आला, तो माझ्या गुडघ्याची चौकशी करायला. म्हणजे तू सांगितलं नाहीस. भांडलेली सून मला झेपली असती गं. गप्प राहिलेली झेपली नाही.

तर दाखला या पत्रासोबत आहे. पाकीट आलं तेव्हा मी त्याच्या पारदर्शक खिडकीतून दिसणारं मुलाचं नाव पाहिलं, आणि मशीनच्या खणात बटणांच्या डब्याखाली ठेवून दिलं. तुझी फी बुडावी म्हणून नाही, एवढं मात्र मान. कागद हवा म्हटल्यावर तो येईल, टेबलाशी बसेल, भोकं पाडेल, आणि मग “अरे, हे बघ, सापडलं!” म्हणून मी काढून देईन, इतकाच माझा डाव. फोन तुझा आला. एकदा ‘नाही’ म्हटलं, की ‘हो’ म्हणायला तोंड राहत नाही. आज सोळा तारीख आहे. कुरियरवाल्याला सांगितलंय, दुकानात तुझ्याच हातात द्यायचं. मूळ दाखला अर्जाला जोड, त्याची प्रत आधी काढून घे. आकडे मी दोन्हीकडून तपासलेत, तरी तू एकदा बघ. जे परत येईल ते सगळं तुझ्या फीचं, त्यातून घरखर्चाला काही काढू देऊ नकोस. पंचिंग मशीन तुला. बारा वर्षांच्या कागदांची निळी फाईलही तुला, पुढचे कागद त्यातच लाव. बाबांचं घड्याळ त्याला दे. पाकीट कुठे होतं ते त्याला सांगायचं की नाही, हे तू ठरव. सांगितलंस तर मी नाकारणार नाही. त्याच्या पहिल्या पगाराची चिठ्ठी मात्र मी फाईलमधून काढून घेतली आहे. ती माझ्याकडे राहील. ती मागू नकोस.

तुझीच,
अजूनही म्हणावंसं वाटत असेल तर,
आई